वहीत लिहिलेलं

माझ्या कपाटात 1978 सालची एक शंभर पानी वही आहे. पुठ्ठा कधीच गेला. सुरुवातीला मुलांची नावं, मधे गणिताची टाचणं, आणि शेवटून तिसऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं : तांदूळ 2 पायली. नागली 1 पायली. तांदूळ 2 पायली. सुकट एक ओंजळ. अशा अकरा ओळी. खाली बेरीज आहे, बेरजेखाली रेघ आहे, रेघेखाली काही नाही.

ती वही बाहेर काढायची वेळ आणली पुतणीच्या मुलाने. गेल्या दिवाळीत न्यू जर्सीहून आला होता, नऊ वर्षांचा. अंगात निळा सदरा, छातीवर तारा, हातात प्लॅस्टिकची गोल ढाल. फराळाचं ताट पुढ्यात असताना त्याने विचारलं, "आजोबा, आपला कॅप्टन कोण? अमेरिकेचा आहे, कॅनडाचा आहे, ब्रिटनचाही आहे. इंडियाचा कुठे आहे?" त्याच्या आईने शक्तिमान सांगून पाहिला. त्याने यूट्यूबवर बघितला आणि मान हलवली. "ह्याच्या अंगावर झेंडा कुठाय?"

मी म्हटलं, उद्या सांगतो. मास्तरकी केलेल्या माणसाला हे वाक्य बरं जमतं.

वाईहून निघून मी तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर एकशिक्षकी शाळेत रुजू झालो तेव्हा मला बाविसावं लागलं होतं. ठाणे जिल्हा तेव्हा अखंड होता. पालघर वेगळा व्हायला 2014 उजाडलं. डहाणू रोडला गाडीतून उतरायचं, एसटीने तलासरी गाठायची, पुढे पायी. शाळा म्हणजे कुडाच्या भिंती, वर कौलं, एक फळा. जून लागला, पाऊस लागला, आणि पगार काही लागेना. कुठल्याशा कार्यालयात माझा कागद अडकला होता आणि तो चार महिने अडकूनच राहिला. घरी कळवायची लाज वाटत होती. बरोबर आणलेलं पीठ जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपलं.

एका सकाळी शाळेच्या दारात पानाने झाकलेली टोपली दिसली. आत तांदूळ. कोणी ठेवली ते मुलांना विचारलं तर सगळी एकमेकांकडे बघून हसली. चौथ्या टोपलीला मी ठेवणाऱ्याला पकडलं. पहिलीतल्या एका मुलाचा आजा होता तो. पन्नाशीचा असेल, दिसायला सत्तरीचा. मी त्याला बाबा म्हणायचो, अहो-जाहो करायचो. तो मला 'गुरजी, तू' म्हणायचा. वारली बोलीत अहो नाही. कलेक्टर आला तरी तूच. पहिल्या दिवशी मला ते खटकलं होतं, हेही इथे कबूल करून टाकतो. त्याची बोली मला कागदावर उतरवता येत नाही, म्हणून त्याचं बोलणं माझ्या मराठीत सांगतो.

पगार एकदम चार महिन्यांचा झाला ऑक्टोबरात. मी वही घेतली, बेरीज केली, बाजारभावाने पैसे मोजले आणि त्याच्या अंगणात जाऊन बसलो. म्हटलं, बाबा, हा तुमचा हिशेब. त्याने पैशांकडे पाहिलंच नाही, वहीकडे पाहिलं. चेहरा असा उतरला की जणू मी दारात साप आणून ठेवला असावा.

"हे तू लिहून ठेवलंस?"

"हो. विसरू नये म्हणून."

"बंद कर ती. वहीत लिहिलेलं फिटत नाही, गुरजी."

याचा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला नाही, हळूहळू कळला. त्याचा बाप लग्नगडी होता. लग्नासाठी शेठकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्या घरी राबायचं. फिटायचे कधीच नाहीत, कारण वही शेठकडे आणि अंगठा आपला. पावसाळ्यात पोट भरायला भात उसना घ्यायचा ती खावटी, तीही त्याच वहीत. त्याशिवाय वेठ होतीच, बिनमजुरीची. जुलैत टोपलीभर तांदूळ आणि दिवाळीला पेन्सिलीचा हिशेब, म्हणजे मी नेमका त्याच्या बापाचा पावसाळा त्याच्या अंगणात मांडून बसलो होतो. फक्त ह्या वेळी वही कर्ज घेणाऱ्याच्या हातात होती, आणि तरीही त्याला ती नको होती.

हे सगळं मोडलं ते असं. 1945 च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिला उंबरगाव तालुक्यातून माह्या धांगडा आणि बरोबरचे थोडे वारली गेले. 23 मे रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर होते. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, असं ठरलं आणि लोक घरी गेले ते खरोखरच दुसऱ्या दिवशी वेठीला गेले नाहीत. गोदावरीबाईंना वारली गोदाराणी म्हणत. 'जेव्हा माणूस जागा होतो' या त्यांच्या पुस्तकात हे सगळं आहे; 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ते मी नंतर वाचलं. आधी ऐकलं ते अंगणात, आणि ऐकलेल्यात राणी फारशी नव्हती. कोणाच्या घरी किती लोक जेवले, कोणी किती कोस चालून निरोप पोचवला, असलं बरंच होतं.

त्याच वर्षी गवताच्या हंगामात 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये मागून संप झाला. 10 ऑक्टोबरच्या रात्री गोदाराणी तलवाड्याला येणार, असा खोटा निरोप पसरला. माणसं काठ्या घेऊन जमली आणि पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. तलासरीत दर 10 ऑक्टोबरला लाल बावटा घेऊन लोक अजून जमतात.

बाबा त्या रात्री तिथे होता. वय सोळा-सतरा. मी मोठ्या उत्सुकतेने विचारलं, तुम्ही काय केलंत? तो म्हणाला, पळताना विळा राहिला. नवा होता. दोन दिवसांनी परत गेलो तर मिळाला नाही. मग विळा कसा होता, मूठ कशाची होती, हे त्याने बराच वेळ सांगितलं. मला हवी होती ती गोष्ट त्याच्याकडे नव्हती, किंवा असून त्याला ती सांगण्यासारखी वाटत नव्हती. दुसऱ्या वर्षी त्याचं लग्न झालं, शेठच्या पैशाशिवाय. हे मात्र त्याने दोनदा सांगितलं.

1978 च्याच दिवाळीच्या सुट्टीत मी वाईहून परतताना इंद्रजाल कॉमिक्सचे पाच-सहा अंक आणले, मराठीतले. मुलांना वाचायची गोडी लागावी म्हणून. वेताळाचे होते. ली फॉकने 1936 साली निर्माण केलेला फँटम आपल्याकडे वेताळ झाला, आणि कोकणात वेताळ हा वेशीवरचा देव असल्याने मुलांना नाव ऐकून जरा धास्तीच वाटली. संध्याकाळी कंदिलाशी अंक उलटत बसलो असताना बाबा डोकावला. चित्रं बघत गेला. घट्ट कपडे, मुखवटा, पांढरा घोडा, कवटीच्या आकाराची गुहा, भोवती जंगलातले काळे लोक हात जोडून.

"हा त्यांचा शेठ का?"

मी म्हटलं, नाही हो, हा त्यांचं रक्षण करतो.

"मग ह्याचं शेत कोण लावतं?"

मी हसलो. तो हसला नाही. त्याचा प्रश्न खराच होता. जंगलात दिवसभर चोर पकडणारा माणूस आवणी कधी करतो? करत नसेल तर दुसरं कोणी करतं. ते दुसरं कोण, आणि त्याला मजुरी किती? अडीच रुपयांसाठी ज्याच्या पाड्याने संप केला त्याला चित्रात पहिलं हेच दिसलं. मी वेताळाचे अंक दहा वर्षं वाचत होतो, मला कधी दिसलं नव्हतं.

त्याचा नातू तिथेच बसलेला. चार दिवसांनी शाळेच्या बाहेरच्या कुडावर, गेरूने सारवलेल्या भागात, त्याने तांदळाच्या पिठाने चित्र काढलं. खरं तर हे बायकांचं काम. लग्नात चौक लिहायचा तो सवाशिणींनी. पण डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी 1970 च्या दशकात तो रिवाज मोडला होता, पुढे 2011 ला त्यांना पद्मश्रीही मिळाली, आणि पाड्यापाड्यांत पोरं बांबूची काडी दातांनी ठेचून पिठात बुडवू लागली होती. मी चित्र निरखलं. दोन त्रिकोणांची माणसं, कमरेत वाकलेली, ओळीत रोपं लावताहेत. बांधावर एक घोडा आणि एक कुत्रा.

"वेताळ कुठाय रे?"

त्याने ओळीकडे बोट दाखवलं.

"यातला कुठला?"

"लावतोय ना तिथं," तो म्हणाला आणि पळाला. आजाच्या प्रश्नाचं उत्तर पोराने काढून ठेवलं होतं. घोडा आणि कुत्रा बांधावर उभे होते म्हणून मालक कुठेतरी चिखलात असणार, एवढंच कळत होतं. पुढच्या पावसात ते चित्र धुऊन गेलं.

पुतणीच्या मुलाला उत्तर द्यायचं म्हणून त्या रात्री मी त्याच्या कॅप्टनचा माग काढत बसलो. तो दुकानात आला 1940 च्या डिसेंबरात. अमेरिकेचं तेव्हा युद्धाबाबत तळ्यात-मळ्यात चाललं होतं, आणि हा मुखपृष्ठावर थेट हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावत होता. काढणारे जो सायमन आणि जॅक कर्बी, दोघे स्थलांतरित ज्यू घरांतले. आपण ह्या देशाचे आहोत आणि देशाने आता उठावं, हे ज्यांना ओरडून सांगायचं होतं त्यांनी माणसाला झेंडाच नेसवला. कॅनडाची गंमत वेगळी. परकीय चलन वाचवायला त्याच महिन्यात तिथल्या सरकारने अमेरिकी कॉमिक्सची आयात थांबवली आणि नेल्व्हाना, जॉनी कॅनक असे स्वदेशी वीर पावसाळी छत्र्यांसारखे उगवले. युद्धानंतर अमेरिकी अंक परत आले, छत्र्या गेल्या. कॅप्टन कॅनक यायला 1975 साल लागलं. 1976 चा कॅप्टन ब्रिटन तर अमेरिकेच्या मार्व्हल कंपनीनेच ब्रिटिश पोरांसाठी काढला. देशभक्तीत जकातीचा आणि छापखान्याचा वाटा बराच असतो म्हणायचा.

आपल्याकडे अगदीच कोणी नव्हता असं नाही. राज कॉमिक्सने नव्वदच्या दशकात तिरंगा नावाचा वीर काढला, हातात ढाल आणि सगळं. पण पोरांच्या तोंडी राहिले नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव. माझं मत असं की आपल्याकडे ती जागा मुळात रिकामी नव्हती. 1967 पासून अनंत पै यांच्या अमर चित्र कथेने रामापासून शिवाजी महाराजांपर्यंत सगळ्यांना चौकटीत बसवलं होतं. ज्याच्या घरात महाराजांची तसबीर आहे त्याला झेंडा नेसलेला नवा गडी कशाला लागतो?

हे पुण्याच्या घरात बसून ठीक. पण तलासरीच्या माणसाने कुठला झेंडा नेसावा? बाबाची एक बहीण नगर हवेलीत दिलेली. तिच्या गावावर 1954 च्या ऑगस्टपर्यंत पोर्तुगालचं राज्य. दुसरी उंबरगावच्या बाजूला. 1960 ला उंबरगाव गुजरातेत गेलं आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. तिघं भावंडं एकाच बोलीत बोलणारी, एकाच देवाला कोंबडं देणारी, आणि सरकारं तीन. ज्या बावट्याखाली त्याची वेठ सुटली तो तर कुठल्याच सरकारचा नव्हता.

झेंडा घेऊन धावणारा माणूस मी एकदाच पाहिला, तोही बाबामुळे. 1979 च्या चैत्रात तो मला विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेला घेऊन गेला. पौर्णिमेच्या मध्यरात्री वाघाडीच्या पुजारी घराण्यातला एक माणूस ध्वज घेऊन गडाच्या सुळक्यावर चढतो. खाली ढोल, तारपा, पेट्रोमॅक्सचा उजेड. वर नुसता काळा डोंगर. हजारो लोक माना वर करून उभे. नाव काय त्याचं, मी विचारलं. "वाघाडीचा," बाबा म्हणाला. परत विचारलं तर म्हणाला, "त्यांच्या घराकडे आहे ते." ध्वज वर लागला, आरोळी उठली, आणि थोड्या वेळाने लोक भजी, बांगड्या आणि सुक्या मासळीच्या दुकानांकडे वळले. झेंडा वर राहिला, माणूस उतरून खाली आला. त्याला बघायला कोणी थांबलं नव्हतं. आम्हीही नाही, बाबाला विळा घ्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुतणीच्या मुलाला हे सगळं सांगितलं. तो ढाल मांडीवर घेऊन ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, "म्हणजे आपला कॅप्टन शेतकरी आहे?" मी म्हटलं, तसंही नाही. मग तो फटाके उडवायला गेला.

बाबा 1991 ला गेला. मी तेव्हा बदलीवर होतो, कळलं तेव्हा दिवस होऊन गेले होते. नातू आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. बोर्डीकडच्या एका चिकूवाडीत काम करतो, पावसाळ्यात चार महिने घरी येतो आवणीला. दिवाळीनंतर त्याला भेटायला गेलो. वही मुद्दाम घरी ठेवली होती. शाळेच्या जागी आता स्लॅबची इमारत आहे, पांढरा डिस्टेंपर. वेताळाचं चित्र आठवतं का विचारलं, तर त्याला आठवत नव्हतं. घोडा आठवत होता.

निघताना त्याने एसटीत माझ्या मांडीवर कापडी पिशवी ठेवली. मी काही बोलायच्या आत गाडी हलली. तोंड सोडून पाहिलं. नवा तांदूळ होता, दोनेक पायली.

अंदाजानेच सांगतो. मोजला नाही.