आधी सरांना सांगा

"सर, दोन मिनिटं आहेत का?" असं विचारून ती आत आली आणि न बसताच म्हणाली, "मला पीएच.डी. भौतिकशास्त्राच्या मॅडमकडे करायचीय. बॅटरीवर." मी तिला होकार दिला होता, नोंदणी तेवढी व्हायची होती. फाइलमधून माझं संमतीपत्र काढून तिनं टेबलावर ठेवलं. वाईट वाटलं, पण राग आला नाही. मला ते तिच्याच तोंडून कळत होतं.

माझ्या सरांच्या वाट्याला हे आलं नाही. मी त्यांना हो म्हणून दुसऱ्यांकडे गेलो आणि धीर होत नाही म्हणून गप्प राहिलो. त्यांना कळलं ते समितीच्या बैठकीत, यादी वाचताना. पुढे एकदा त्यांच्या लॅबमध्ये गेलो, तर खिडकीजवळच्या ड्रॉवरवर माझ्या नावाची चिठ्ठी तशीच होती. त्यांच्याच अक्षरातली. त्या चिठ्ठीची लाज मला आजही वाटते.

गाइड बदलणं हा गुन्हा नाही. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात, मुदत सहा वर्षांची. एवढा काळ नको असलेल्या विषयात काढू नये. बदलायचं तर नोंदणीआधीच बदलावं, नंतर सल्लागार समिती, विषय, फेलोशिप, सगळ्यांचेच कागद हलवावे लागतात. नव्या मॅडमकडे जागा आहे का हे आधी विचारायला हरकत नाही, पण पहिल्या सरांना हो म्हटलंय हे त्यांच्यापासून लपवू नका. त्यांची लेखी संमती मात्र पहिल्या सरांशी बोलून झाल्यावरच घ्या. बोलायचं समोर जाऊन, थोडक्यात आणि खरं. घरच्या आजारपणाची सबब नको, सरांच्या विषयाला नावं ठेवणं तर मुळीच नको. मग दोन ओळींची ईमेल.

गप्प राहण्याची किंमत तिसराच कुणी मोजतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. माझ्याकडे पाच होते, ती सहावी, म्हणजे माझी शेवटची जागा.

आम्हा गाइड मंडळींनीही अशा मुलांना बसायला सांगावं, नव्या गाइडकडे त्यांच्याबद्दल वाकडं बोलू नये.

ती गेल्यावर मी प्रतीक्षा यादीतल्या मुलाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो कागदपत्रं घेऊन आला.