दोन शॉकअपची सायकल आणि कडबनवाडीचं माळरान

भाचा ईदला पुण्याहून आला तो गाडीच्या टपावर सायकल बांधूनच. पुढच्या चाकाला शॉकअप, मागच्याही चाकाला. आमच्या चिरंजीवांनी, वय सोळा, गल्लीत दोन फेऱ्या मारल्या आणि शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन जाहीर केलं, "अब्बा, घ्यायची तर अशीच."

किंमत दीड लाखाच्या पुढे. दुकानदार हप्ते देतो, म्हणजे व्याज आलंच. नाव काहीही ठेवोत. मी म्हटलं, आधी आपल्या रस्त्यांना विचारू.

तिसऱ्या दिवशी फज्रनंतर तिघं निघालो. काटेवाडी, भवानीनगर, सणसर. तुकोबांच्या पालखीची हीच वाट, पुढे बेलवाडीला रिंगणात अश्व धावतो. रस्ता आता इतका गुळगुळीत की भाच्याने मागचा शॉकअप कळ दाबून बंदच केला. उघडा ठेवला तर प्रत्येक पॅडलला सीट खालीवर होते, मेहनत स्प्रिंगमध्ये जिरते. म्हणजे एवढा पैसा मोजून तो भाग झोपलेला!

मग नीरा डाव्या कालव्याचा भराव लागला. १८८५ सालचा हा कालवा. त्याच्यामुळेच इकडे ऊस दिसतो. भरावावर मुरूम. इथे माझ्या जुन्या सायकलीने कंबर हलवली, भाचा मात्र गादीवर बसल्यासारखा. मीही चालवून पाहिली, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली. तो सांगत होता: बसल्यावर मागचा शॉकअप पाव भाग किंवा त्याहून थोडा जास्त दबला पाहिजे, हवा स्वाराच्या वजनाप्रमाणे भरायची. सह्याद्रीच्या दगडी उतारावर मागचं चाक उडत नाही, जमीन धरून राहतं, ब्रेक लागतो. पटलं. पण बारामती-इंदापुरात तसा उतार कुठे आहे?

कडबनवाडीजवळ ऊस संपला आणि पिवळं गवत सुरू झालं. लांब दोन चिंकारा मान वर करून उभे. मुलगा गवतात सायकल घालणार तोच मी हाक मारली. चंडोल, टिटवी इथे जमिनीवरच अंडी घालतात. टायर रुंद असो की अरुंद, त्यांना सारखंच. आम्ही गाडीवाटेनेच गेलो.

परतताना भाच्याचं चाक बसलं. सराटे! आत ट्यूबच होती, दोन्ही शॉकअप काय करणार? बाभळीखाली बसून बोटांनी काटे काढले, मोजले तर सात. तिथेच जुहर झाली. पाण्याच्या बाटलीत वुजू केला, जानमाज म्हणून भाच्याचं जाकीट.

घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. पुढेच शॉकअप, २९ इंची चाकं, रुंद टायर, ट्यूब काढून आत काटा बुजवणारं द्रव, तेलाचे डिस्क ब्रेक: ४० हजारांच्या आसपास. मागच्या शॉकअपचे बेअरिंग आणि सील बदलायला इथे कोणी नाही, पुणे गाठायचं. बाजारात दहा-पंधरा हजारांत दोन शॉकअपच्या मिळतात त्या तर नकोच, लोखंड नुसतं, चढावर माणूसच ढकलतो. गरजेपेक्षा जास्त म्हणजे इसराफ, हे मी वर्गात शिकवतो.

मुलगा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आणि पुण्याला कॉलेजात गेलो, सिंहगडाच्या बाजूला, मग?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आतून त्याची अम्मी म्हणाली, "आधी बारावी तर हो."