होडीवरचे डाग

"फायबरच्या होडीला काही करावं लागत नाही, काकी," असं पुतण्याने होडी घेतली तेव्हा मला सांगितलं होतं. मी लाकडी होडीचं करणं पाहिलेली बाई. दर पावसाळ्यात ती वर ओढायची, फटींत कापूस ठासायचा, काजूच्या टरफलांचं तेल पाजायचं. आठवडाभर घरादाराला तोच वास! फायबरला यातलं काही नको, हे खरंच. पण डाग पडतात. आणि ते काढायचे कसे, हे मी या वयात शिकले, कारण यंदा त्याने होडी विकायला काढली.

जून-जुलैत मासेमारी बंद. होडी आमच्या माडांखाली, ताडपत्रीच्या आडोशाला. नारळी पौर्णिमेच्या आत गिऱ्हाईक मिळालं तर त्याला हवं होतं, मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती. तो दिवसभर कामावर. म्हटलं, आपण रिकाम्याच आहोत, होडी घासून देऊ. गिऱ्हाईक आधी रूपच बघतं.

पहिली चूक पहिल्याच दिवशी केली. हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी वूल आणलं आणि पातेलं घासावं तशी घासत सुटले. डाग फिके झाले, मी खूश. चार दिवसांनी बघते तर जिथे घासलं तिथे तांबडे ठिपके! त्या वूलचे बारीक तुकडे पृष्ठभागात अडकले होते आणि पावसाळी हवेत गंजले होते. एक डाग काढायला गेले आणि शंभर लावून आले. शिवाय चरे पडले ते वेगळेच.

मग फायबरचं काम करणाऱ्या एका कारागिराला विचारलं. तो आधी हसला, मग नीट समजावून सांगितलं. होडीचा जो पांढरा चकचकीत भाग आपण बघतो त्याला जेलकोट म्हणतात. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवावीत एवढीच. त्याच्या आत काचेच्या तंतूंचे थर. जेलकोट घासून संपला की संपला. म्हणून डाग वर बसलाय की आत मुरलाय, हे आधी ओळखायचं.

धक्क्याला जुने टायर बांधलेले असतात, त्यांचे काळे पट्टे वर बसलेले असतात. गोड्या पाण्याने आणि साबणाने मीठ धुवून काढायचं, मग सुती फडक्यावर थोडं ॲसिटोन घेऊन पुसायचं. रबर फडक्यावर येतं. फडकं तिथे दाबून मात्र ठेवायचं नाही. पाण्याच्या रेषेवरचा पिवळट-तपकिरी पट्टा मुरलेला असतो. खाडीच्या पाण्यात पालापाचोळ्याचा रंग उतरतो, त्याचा तो. त्याला आणि गंजाला ऑक्झॅलिक ॲसिड, सुतार लाकडावरचे डाग काढायला वापरतात तेच. हातमोजे, चष्मा, सावलीत लावायचं, दहा-पंधरा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवायचं. माझे शंभर ठिपके त्यानेच गेले. (ते दिसतं साखरेसारखं आणि आहे विषारी. डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहून मी तो पडवीत उंचावर ठेवला.) शेवटी गाडीला लावतात तसलं कंपाउंड हलक्या हाताने, आणि वर वॅक्स.

आठ दिवसांत होडी ओळखू येईना. राहिला फक्त नाळेजवळचा उजव्या बाजूचा तळहाताएवढा काळा डाग. "तो राहू दे, टायरचा आहे," असं पुतण्या दोनदा म्हणाला होता. टायरचाच होता तर ॲसिटोनने जाणार! मी पुसला. काळं गेलं, पण खाली बारीक काळ्या रेघा राहिल्या, एका बिंदूतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या. मी बोटांनी चाचपलं. मग कारागिराने दाखवलं होतं तसं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाजवून बघितलं, आपण फणस वाजवतो तसं. इतरत्र टणक आवाज, इथे बद्द. म्हणजे नुसता जेलकोट तडकला नव्हता, आतले थरही सुटले होते.

संध्याकाळी त्याला दाखवलं. तो बघतच राहिला. मग म्हणाला, "काकी, तुका ह्या घासूक कोणी सांगितल्यान होता?"

त्याला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी धक्क्याच्या कोपऱ्यावर होडी आदळली होती. पुटी भरू, वरून पांढरा रंग मारू, कोणाला कळणार, असं त्याचं म्हणणं. घेणारा शेजारच्या गावचा, मुलाला बरोबर घेऊन समुद्रात जाणारा. मी म्हटलं, तू सांग, नाहीतर मी सांगेन. ताडकन बोलून गेले. चार दिवस तो आमच्याकडे फिरकला नाही. त्या चार दिवसांत मला एक गोष्ट मात्र टोचत राहिली. खरं बोलायचा हट्ट माझा होता आणि फी त्याच्या मुलीची होती. मला पेन्शन आहे, त्याला होडी होती.

गिऱ्हाईक आलं तेव्हा मी पडवीतच बसून राहिले. पुतण्याने त्याला होडीभोवती फिरवलं, नाळेपाशी थांबला, आणि स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात देऊन म्हणाला, "हय वाजवून बघ."

वीस हजार कमी झाले. ते मी दुसऱ्या दिवशी त्याला द्यायला गेले. तो नको म्हणेल असं वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर तसं म्हणावं अशी आशाही होती. त्याने मुकाट्याने घेतले. वहिनीने चहा दिला. आता येतो-जातो, पण मासळी घेऊन येताना पूर्वी दारातूनच हाक मारायचा, तेवढी अजून मारत नाही.

नव्या मालकाने तो भाग घासून, नवे थर चढवून घेतला. जुना जेलकोट उन्हाने पिवळट झालेला, त्यामुळे नवा तुकडा लांबूनही पांढराशुभ्र दिसतो. होडी खाडीतून जाताना मी बघते. टायरचे काळे पट्टे पुन्हा पडायला लागलेत.