मुलांस हंसविणारा नट

पुष्कळ वडील माणसांची अशी समजूत असते कीं, नकला करून मुलांस हंसविणें ही घटकाभराची करमणूक होय; तींत कोणीं सारें आयुष्य घालवूं नये. आमच्या घरींही हीच समजूत आहे. गेल्या स्नेहसंमेलनांत आमच्या वांट्यास विनोदी नोकराची भूमिका आली, तेव्हां वडिलांनीं एवढेंच विचारिलें, "अरे, ह्यानें पुढें पोट भरणार आहे काय?" बर्नार्ड क्रिबिन्स नांवाच्या इंग्रज नटाची हकीकत आम्ही जमवूं लागलों ती ह्या प्रश्नामुळेंच.

क्रिबिन्स ह्यांचा जन्म १९२८ सालीं लँकाशायरांतील ओल्डहॅम ह्या कापडगिरण्यांच्या गांवीं झाला. घरची गरिबी, आई विणकाम करी. तेरा-चौदा वर्षांचे होतात तोंच त्यांची शाळा सुटली व ते गांवच्या नाटकमंडळींत रंगमंचाच्या व्यवस्थेस मदतनीस म्हणून राहिले. पडद्यामागचें पडेल तें काम आणि मधून मधून एखादी लहानशी भूमिका, हेंच त्यांचें विद्यालय. पुढें सक्तीच्या लष्करी नोकरींत ते छत्रीधारी पलटणींत होते व पॅलेस्टाईनपर्यंत जाऊन आले; परंतु परतल्यावर पुन्हां रंगभूमीच धरली. (शाळा सोडण्यास आधार म्हणून ही हकीकत सांगितलेली नाहीं, हें आमच्या वर्गबंधूंनीं ध्यानांत ठेवावें!)

१९७० सालच्या 'द रेल्वे चिल्ड्रन' ह्या बोलपटांत ते पर्क्स नांवाचा स्टेशनावरील हमाल झाले आहेत. पर्क्सचा वाढदिवस साजरा करावा म्हणून तीन मुलें गांवभर हिंडून त्याच्यासाठीं भेटी गोळा करितात. पर्क्सला वाटतें, हा आपल्या गरिबीवर केलेला दानधर्म! इतका वेळ हंसविणारा तो मनुष्य एकाएकीं संतापानें ताठ उभा राहतो. देणाऱ्यांनीं त्याच्याविषयीं किती आदरानें शब्द काढिले तें मुलें सांगतात, तेव्हां कोठें त्याचा राग विरघळतो. हा बोलपट आम्हीं वडिलांस दाखविला. ह्या प्रवेशानंतर ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत, मग म्हणाले, "तेवढें पुन्हां लाव पाहूं."

तथापि क्रिबिन्स ह्यांचें खरें घर म्हणजे मुलांची दूरचित्रवाणी. बी. बी. सी. नें १९६५ सालीं 'जॅकनोरी' हा कार्यक्रम सुरू केला. त्यांत एखाद्या नटानें बसून मुलांस गोष्ट वाचून दाखवावयाची, इतकेंच. ह्या आसनावर क्रिबिन्स १९६६ पासून १९९१ पर्यंत शंभराहून अधिक वेळां बसले. इतक्या वेळां दुसरें कोणीही बसलें नाहीं. हें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. नाटकगृहांत हशा कानीं पडतो व नटास आपण कोठें आहों तें समजतें. येथें समोर केवळ यंत्राचें भिंग! त्या भिंगांत ते अशा रीतीनें पाहतात कीं, गोष्ट जणूं एकाच मुलास सांगावयाची आहे. १९७३ सालीं सुरू झालेल्या 'द वॉम्बल्स' ह्या बाहुल्यांच्या मालेंत तर सर्व पात्रांचे आवाज त्यांचेच. लंडनमधील विंबल्डनच्या माळावर लोकांनीं टाकिलेला कचरा वेंचून उपयोगांत आणणारे हे केसाळ प्राणी. म्हातारा वेगळा, आळशी वेगळा, आणि कंठ मात्र एक!

२००९ सालीं ब्रिटिश अकादमीनें मुलांसाठीं केलेल्या कामाबद्दल त्यांस विशेष पारितोषिक दिलें. पण ते थांबले नाहींत. २०१३ सालीं, वयाच्या ८४ व्या वर्षीं, 'ओल्ड जॅक्स बोट' मध्यें ते म्हातारे कोळी होऊन कुत्र्यासह होडींत बसले व पुन्हां गोष्टी सांगूं लागले. आमच्या पांच वर्षांच्या भावास इंग्रजी मुळींच येत नाहीं. तरी कोठें हंसावें हें त्यास बरोबर कळतें.

'डॉक्टर हू' ह्या कथामालेवरील १९६६ च्या चित्रपटांत ते तरुण पोलीस शिपाई होते; चाळीस वर्षें लोटल्यावर त्याच मालेंत विल्फ्रेड नांवाचे आजोबा झाले. २७ जुलै २०२२ रोजीं, ९३ व्या वर्षीं, ते वारले. त्याआधीं थोडेच दिवस त्यांनीं विल्फ्रेडचा एक छोटासा प्रवेश चाकांच्या खुर्चींत बसून पुरा केला होता. तो लोकांनीं २०२३ च्या डिसेंबरांत पाहिला. जुना मित्र परत आलेला पाहून त्यांत म्हाताऱ्याचा चेहरा लहान मुलासारखा फुलतो.