दोन खेळ, एक गुडघा

संपादकांचा फोन आला तेव्हा विषय त्यांनीच ठरवून टाकलेला होता. फुटबॉल आणि क्रिकेट दोन्ही मोठ्या पातळीवर खेळणाऱ्यांना ते जमायचं कसं, हे फिजिओथेरपिस्टच्या नजरेतून लिहा म्हणाले. वर एक सूचना : ‘फार तांत्रिक नको.’ तांत्रिक टाळून गुडघ्याबद्दल लिहायचं काय, हे मला उमगलेलं नाही. तरी बघते.

हा विषय निघाला की आपल्याकडे पहिलं नाव चुनी गोस्वामींचं. मोहन बागानचे लाडके, १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे कर्णधार, आणि १९६२-६३पासूनच बंगालकडून रणजी. डिसेंबर १९६६मध्ये इंदूरला मध्य आणि पूर्व विभागाच्या एकत्र संघानं सोबर्सच्या वेस्ट इंडिजला डावानं हरवलं, त्यात गोस्वामींच्या मध्यमगती गोलंदाजीचे आठ बळी होते. १९६८-६९च्या रणजी अंतिम सामन्यात त्यांनी ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्ध ९६ आणि ८४ काढल्या. पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक मुंबईनंच नेला. त्या काळात मुंबई दुसरं काही करतच नसे. १९७१-७२ला ते बंगालचे कर्णधार म्हणून पुन्हा अंतिम फेरीत आले, समोर पुन्हा मुंबईच, आणि निकालही तोच.

पण ब्रेबॉर्नवर हरलेला हा पहिला फुटबॉलपटू नव्हे. १९४५ साली तिथंच होळकर संघाकडून डेनिस कॉम्प्टन खेळला होता. युद्धामुळे हिंदुस्थानात आलेला हा इंग्लिश सैनिक घरी आर्सेनलचा व्यावसायिक फुटबॉलपटू आणि मिडलसेक्सचा फलंदाज. कर्णधार सी. के. नायडू, आणि चौथ्या डावात विजयासाठी धावा हव्या होत्या ८६७! कॉम्प्टन २४९वर नाबाद राहिला आणि होळकर हरले. विजय मर्चंटनी मुंबईसाठी आधीच २७८ करून ठेवल्या होत्या.

आता ‘कसं जमायचं’. लोकांना उत्तर रक्तात, दुधातुपात किंवा ‘पूर्वीची माणसंच दणकट’ या वाक्यात हवं असतं. माझं उत्तर रटाळ आहे : कॅलेंडर. कोलकात्याची फुटबॉल लीग उन्हाळा-पावसाळ्यात, रणजी हिवाळ्यात. इंग्लंडात उलट, पण वाटणी तीच. फुटबॉलमध्ये जांघ, मांडीची मागची शीर, घोटा हे झिजतात. वेगवान गोलंदाजीत कंबर आणि पुढच्या पायाची टाच. खेळ बदलला की शरीराचा एक भाग दमायचा आणि दुसरा सावरायचा. विश्रांती वेगळी घ्यावी लागत नसे, हंगामच ती देत असे.

आमच्या उरवड्यातही हेच चालायचं, कुणी शिकवलं नव्हतं. पावसात चिखलात फुटबॉल नाहीतर कबड्डी. भात निघालं, खाचरं वाळली की क्रिकेट. आता पिरंगुट रस्त्यानं संध्याकाळी जा, टर्फवर दिवे लागलेले, नेट बारमाही. जुलैत धो धो पावसात छपराखाली पोरं गोलंदाजी करताहेत.

त्यातलाच एक गेल्या महिन्यात माझ्याकडे आला. वय चौदा, उजव्या हाताचा वेगवान गोलंदाज. वडील म्हणाले, “मॅडम, पोराच्या मणक्यात गॅप पडलाय म्हणे. पट्टा द्या.” गॅप हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. चमक भरली, नस दबली, गॅप पडला. या तीन शब्दांत मुळशी तालुक्याची सगळी पाठदुखी बसवलेली आहे. पोराला डाव्या पायावर उभं करून मागं झुकायला सांगितलं. कमरेच्या डाव्या बाजूला एका बोटाएवढ्या जागी दुखलं, तेवढंच. उजव्या पायावर काही नाही. मग अंगणात चेंडू टाकून दाखवायला लावला. डावी टाच जमिनीवर आपटते, गुडघा ताठ राहतो, त्या क्षणी कंबर मागं वाकलेली, डावीकडं कललेली आणि वर पिळलेलीही असते. टाच टेकताना जमीन शरीराच्या वजनाच्या पाच-सात पट जोरानं उलटा धक्का देते. मणक्याच्या मागच्या कमानीत एक अरुंद हाड असतं, चौदाव्या वर्षी ते पुरतं पक्कं झालेलं नसतं. धक्का तिथं जातो. उजव्या हाताच्या गोलंदाजाला बहुधा डावीकडंच ताणाची चीर पडते. साध्या एक्स-रेत ती सुरुवातीला दिसत नाही, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल’ आणि पोरगा पुन्हा नेटमध्ये. याचाही एक्स-रे नॉर्मलच होता. एमआरआयमध्ये हाडाला सूज दिसली.

तांत्रिक झालं, माहीत आहे.

हा पोरगा दोन वर्षांपूर्वीपर्यंत फुटबॉलही बरा खेळायचा. अकादमीनं तो बंद करायला लावला : एकच खेळ धरा. या ‘एकच खेळ धरा’शी माझं जुनं भांडण आहे. बाराव्या वर्षी खेळ ठरवायची घाई टेनिस-जिम्नॅस्टिक्सवाल्यांकडून आली असेल, वेगवान गोलंदाजाला तिची गरज नाही. हाडं वाढायची आहेत तोवर त्यांना वेगवेगळ्या दिशांचा भार हवा. मी हे पालकसभांत सांगते, लोक माना डोलावतात आणि बाहेर पडून नेटची फी भरतात. गोस्वामींचं उदाहरण मी तिथं हमखास देते.

खरं म्हणजे ते उदाहरण माझ्या बाजूनं पूर्ण उभं राहत नाही. गोस्वामी १९६४ला आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून बाजूला झाले, १९६८ला मोहन बागानही सुटलं; ब्रेबॉर्नवरच्या त्या मोठ्या खेळ्या त्यानंतरच्या. आणि कॉम्प्टन तर उघड विरोधात साक्ष देतो. १९३८ साली फुटबॉल खेळताना चार्लटनच्या गोलरक्षकाशी त्याची धडक झाली आणि गुडघा कायमचा बिघडला. १९४७च्या उन्हाळ्यात त्यानं ३८१६ धावा आणि १८ शतकं केली, १९५०ला आर्सेनलकडून एफए कप जिंकला, सगळं त्याच गुडघ्यावर. १९५५ला शेवटी वाटीच काढून टाकली. वाटी म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळालेली विहिरीवरची कप्पी. ती गेली की तोच पाय सरळ करायला कितीतरी जास्त जोर लागतो. तशा पायावर १९५६ला ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ९४! लोक याला जिद्द म्हणतात. मला आधी शल्यचिकित्सेच्या नोंदी वाचायला आवडल्या असत्या.

ख्रिस बाल्डरस्टोनचा किस्साही मला कुणीतरी दरवर्षी पाठवतं. १५ सप्टेंबर १९७५, चेस्टरफिल्डला लेस्टरशायरकडून दिवसअखेर नाबाद ५१, तिथून गाडीत बसून डॉनकास्टरला संध्याकाळचा लीग फुटबॉल सामना, दुसऱ्या दिवशी परत येऊन शतक पूर्ण. वाचायला झकास आहे. दोन हंगाम एकमेकांवर चढायला लागले होते याचा तो पुरावा आहे, आणि तो अपघाताविना पार पडला म्हणूनच किस्सा झाला. मांडी भरून येऊन जे घरी बसले त्यांचे किस्से होत नाहीत.

पोराच्या कोचशी फोनवर बोलले. चार महिने गोलंदाजी बंद, पहिले सहा आठवडे धावणंही नाही. मग आठवड्याला मोजून ठरलेले चेंडू. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, चाचणी डिसेंबरात. वयोगट पुढच्या वर्षी संपतो.” त्याचं चुकत नाही. निवड समिती चौदा वर्षांच्या पोराचा वेग बघते, हाड बघत नाही, आणि वयोगट कुणासाठी थांबत नाही. मी चिठ्ठी तरीही लिहून दिली. वडिलांनी घडी करून खिशात टाकली आणि विचारलं, चार महिन्यांची फी अकादमी पुढं ओढून देईल का, त्याचीही चिठ्ठी द्याल?