कोपऱ्यातला आकडा

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १ जून २००८ रोजी पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना झाला आणि तिथेच २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक उचलला. अशा दिवसानंतर त्या खेळाडूंची कार्डं जपणाऱ्यांना वाटतं, सामन्याचं मोल कार्डात उतरलं. ही भावना मला मनापासून आवडते. पण भाव काढायला ती उपयोगाची नाही. कार्ड कोणी, कोणत्या संचात छापलं आणि त्यात ते सर्रास मिळत होतं की क्वचित, हे आधी ठरवावं लागतं. किंमत त्यानंतर. आणि ही ओळख पटवण्याची मेहनत साध्या कार्डालाच सर्वांत जास्त लागते, असं माझं ठाम मत आहे.

पोकेमॉनच्या १९९९च्या पहिल्या इंग्रजी संचातला पिकाचू घ्या. तळाशी उजवीकडे ५८/१०२ हा आकडा आणि शेजारी काळा ठिपका. ठिपका म्हणजे साधं कार्ड, चौकट म्हणजे त्याहून कमी मिळणारं, चांदणी म्हणजे दुर्मीळ. ठिपका दिसला की बरेच जण कार्ड गठ्ठ्यात टाकून देतात. पण याच पिकाचूच्या काही प्रतींवर चित्राखाली डावीकडे पहिल्या आवृत्तीचा छोटा शिक्का असतो, काहींच्या चित्रचौकटीला उजवीकडे सावली नसते, काहींत गाल पिवळ्याऐवजी लाल असतात. आकडा तोच, ठिपका तोच, भाव मात्र वेगळे. म्हणून नुसतं ‘पिकाचू आहे’ म्हणणं म्हणजे सातबारा न बघता जमिनीचा भाव सांगणं. स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारी सोनेरी प्लॅस्टिकची कार्डं तर निव्वळ नकला. खऱ्या कार्डाची कड भिंगाखाली आडवी धरली की दोन पांढऱ्या थरांमध्ये बारीक काळपट रेघ दिसते. पण तेवढ्यावर निकाल देऊ नये, अक्षरांचं वळण आणि मागचा निळा रंगही खात्रीच्या कार्डाशेजारी ठेवून ताडून पाहावा.

यावर हमखास येणारा आक्षेप जुनेपणाचा. कुस्तीच्या ट्रम्प कार्डांवर डब्ल्यूडब्ल्यूएफ लिहिलंय, आणि ते नाव २००२ साली बदललं, म्हणजे कार्ड त्याआधीचं! हे पटण्यासारखं आहे, पण परवान्याशिवाय छापणाऱ्याला जुनं चिन्ह पुढे कितीही वर्षं वापरता येतं. आणि जुनं ठरलं तरी मागणी नसेल तर वयाला कोण पैसे देणार? दुसरा आक्षेप: इंटरनेटवर तर लाखाला लावलंय. लावलेला भाव ही विकणाऱ्याची इच्छा; खरोखर विकल्या गेलेल्या, त्याच आवृत्तीच्या, तशाच अवस्थेतल्या प्रतींचे भाव बघावेत. तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: दहा-वीस रुपयांच्या कार्डासाठी एवढा खटाटोप कशाला? कारण संच पुरा होतो तो साध्या कार्डांनीच, आणि मुलं खेळली तीही हीच, त्यामुळे कोरी राहिलेली प्रत शोधावी लागते. त्यात आपली खाडीकाठची हवा. पावसाळ्यात चमकी कार्डाचा कागद ओल पितो, वरचा चमकीचा थर पीत नाही, आणि कार्ड कमानीसारखं वाकतं. गठ्ठ्याला रबरबँड लावलं असेल तर वरच्या आणि खालच्या कार्डाच्या कडेला खाच पडते. गठ्ठा सोडताना आधी तीच दोन कार्डं बाजूला काढावीत.