पथ्याचा हिशेब

मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा रोग, असे आपल्या वस्त्यांत अजूनही म्हणतात. आमचे हे तीस वर्षे रेल्वेत गँगमन होते. उन्हातान्हात रूळ तपासत चालायचे, घण मारायचे. डब्यात चार भाकरी लागत आणि त्या जिरतही. निवृत्तीनंतर चालणे गेले, भाकरी मात्र चारच राहिल्या. वर पाच वेळा गोड चहा. तीन वर्षांपूर्वी रक्त तपासले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मधुमेह झालेला नाही, पण उंबरठ्यावर आहात. खाणे आवरा, रोज अर्धा तास भरभर चाला."

नुसत्या चालण्याने काय होणार, असे ह्यांना वाटे. आमची धाकटी लेक नर्स आहे. तिने चेन्नईचा अभ्यास समजावून सांगितला. अशाच उंबरठ्यावरच्या ५३१ जणांना तिथल्या डॉक्टरांनी तपासत ठेवले. ज्यांना विशेष काही सांगितले नाही, त्यांच्यात तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांचे खाणे-चालणे सुधारले, त्यांच्यात ३९ जणांना. गोळीचा गुणही जवळपास तेवढाच. अंगमेहनतीचे काम असणाऱ्यांना वेगळे चालायला सांगितले नव्हते, हे ऐकून हे जरा खूश झाले. पण आता ती मेहनत कुठे आहे?

हे निष्कर्ष २००६ साली आले, पुढच्या वर्षी खर्चही मांडला गेला. साध्या देखरेखीला तीन वर्षांत माणशी २,७३९ रुपये लागले, आहार-व्यायामाच्या सल्ल्याला १०,१३६. एकाचा मधुमेह टळायला सहा-सात जणांना सल्ला द्यावा लागतो. म्हणून एका माणसामागे ४७,३४१ रुपये पडले. आकडा ऐकून मी गप्पच झाले. पण मधुमेह जन्माचा सोबती. आमच्याच ओळीतल्या एका भाऊंचा पाय त्यात गेला. दवाखान्याचे बिल एकदा भरून झाले, बुडालेली मजुरी आणि मुलीचे सुटलेले कॉलेज अजून भरून निघालेले नाही.

तरी बहिणींनो, चेन्नईचा तो हिशेब वैद्यकीय खर्चाचा. चुलीपुढचा खर्च त्यात नाही. आमच्या कार्डावर गहू-तांदूळ मिळतो, ज्वारी बाजारातून आणावी लागते. सुरुवातीला ह्यांची भाजी मी वेगळी करत असे. दोन भांडी, दोन फोडण्या. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "एकाच्या ताटात पथ्य अन् दुसऱ्याच्या ताटात भजी, असं किती दिवस चालायचं गं?" तेव्हापासून घरात एकच भाजी, कमी तेलाची. चहातली साखर निम्मी केली, फरसाण बंद. त्यातून वाचलेले पैसे ज्वारीला आणि पालेभाजीला जातात. थोडे कमीच पडतात, खोटे कशाला सांगू? आणि ज्वारीची भाकरी म्हणजे काही औषध नव्हे. चार खाल्ल्या तर साखर चढणारच. हे आता दोनवर आले आहेत.

अख्खे घर धरून असा प्रयोग स्कॉटलंडमध्ये झाला. तिथल्या भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या १५६ कुटुंबांपैकी निम्म्या घरांत आहारतज्ज्ञ तीन वर्षांत १५ वेळा गेले, बाकीच्या घरांत ४ वेळा. २०१४ साली निकाल आला तेव्हा दोन्ही गटांच्या वजनात दीड किलोहून थोडा जास्त फरक दिसला. मधुमेह टळतो हे मात्र ठामपणे सिद्ध झाले नाही. फार मोठे यश नव्हे. पण घरी जाण्याची रीत मला पटते. एका फेरीत पाच जणांचे ताट बदलले, तर माणशी खर्च उतरेल की नाही? सरकारने हा हिशेब आपल्या वस्त्यांतही करून पाहावा, आणि त्यात स्वयंपाक करणारीचे तासही धरावेत.

ह्यांची साखर अजून उंबरठ्यावरच आहे, आत आलेली नाही. थोरला मुलगा छत्तीस वर्षांचा. रिक्षा चालवतो, दिवसभर बसून असतो. त्याचे रक्त येत्या रविवारी तपासायचे आहे.